पश्चिमेची चादर

इमारतीच्या नियमावलीत चौदावा नियम होता, की बाहेरून दिसेल असं एकही कापड वाळत घालायचं नाही. इमारत पर्यावरणपूरक होती. गच्चीवर सौरऊर्जेच्या पाट्या होत्या, नळांना डोळे होते, जिन्यातले दिवे माणूस बघून लागत आणि तळघरात कपडे सुकवायला कपाटाएवढा विजेचा ड्रायर होता. वर रखरखीत ऊन वाया जात असताना खाली वीज जाळून चादरी सुकवायच्या, यात काही खटकण्यासारखं आहे असं दोन वर्षांत कुणालाच वाटलं नव्हतं. मग चौथ्या मजल्यावर सिस्टर भाड्याने राहायला आल्या.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. बत्तीस वर्षं इस्पितळात काढल्यामुळे आवाज न चढवता दुसऱ्याला गप्प बसवण्याची कला त्यांच्या अंगात मुरली होती. त्यांचे यजमान शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. नव्या घरात येऊन तिसऱ्याच आठवड्यात मास्तरांनी तोंडाला साबण लावला आणि पाणी वाचवणाऱ्या नळाला वाटलं, माणूस गेला. मिटल्या डोळ्यांनी नळाला आपण असल्याची खूण करता करता मास्तर घसरले. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. दोन महिने पलंगावर.

पलंग ज्या खोलीत मावला, तिची एक अख्खी भिंत काचेची होती आणि ती काच पश्चिमेला होती. दुपारी दोन वाजले की ऊन थेट मास्तरांच्या पायावर येऊन बसे. प्लास्टरच्या आत घाम, घामाची खाज, आणि खाजवायला लाकडी फूटपट्टी. एसी नव्हता. या इमारतीत एसीची गरजच भासत नाही, असं माहितीपत्रकात छापलं होतं. सेक्रेटरींच्या घरी दोन होते, पण ते गरज म्हणून नव्हे, पाहुण्यांसाठी.

"पडदा ओढू का?" सिस्टरांनी विचारलं.

"पडदा आत आहे गं," मास्तर फूटपट्टी चालवत म्हणाले. "ऊन काच ओलांडून आत आलं की ते आपलंच झालं. पाहुणा सोफ्यावर बसल्यावर दाराला कडी लावून काय उपयोग? त्याला बाहेरच अडवायला पाहिजे."

सिस्टरांनी फार विचार केला नाही. नुकतीच धुतलेली दुहेरी चादर त्यांनी न पिळताच उचलली, गॅलरीत काचेसमोर दोरी बांधली आणि चादर चार चिमट्यांनी तिच्यावर टांगली. अर्ध्या तासाने मास्तरांनी भिंतीवरचा तापमापक मागितला. पारा छत्तीसवरून तीसवर आला होता.

"पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं," मास्तर समाधानाने म्हणाले. "तापात तू कपाळावर ओली पट्टी ठेवायचीस ना, तेच हे."

"म्हणजे मी बत्तीस वर्षं विज्ञानच करत होते. पगार तेवढा नर्सचा."

दुसऱ्या दिवशी दाराखालून नोटीस आली. चौदाव्या नियमाचा भंग करून कापड वाळत घातल्याबद्दल. सिस्टरांनी नोटीस उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, "कापड वाळत घातलेलं नाही. ओलं ठेवलेलं आहे," आणि खाली सही करून ती परत पाठवली.

संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः आले. कपड्यांची घडी मोडू नये म्हणून जपून चालणारे गृहस्थ. इमारतीला सोन्याच्या दर्जाचं हरित मानांकन मिळावं हे त्यांचं दोन वर्षांचं स्वप्न होतं.

"सिस्टर, अहो, ती चादर शेवटी वाळतेच ना?"

"वाळायला लागली की मी परत पाणी मारते. बघा हात लावून."

सेक्रेटरींनी हात लावला आणि कोपरापर्यंत बाही भिजली.

"आणि पाण्याची उधळपट्टी? ही पाणी वाचवणारी इमारत आहे."

"कपडे खळबळल्यावर जे शेवटचं पाणी उरतं, ते आहे हे. तुमच्याकडचं मोरीत जातं, माझं चादरीवर जातं."

"गुरुवारी तपासणी आहे हो. लोक खालून बघणार. फुलाफुलांची चादर लटकतेय, काय दिसेल ते?"

"आतून बघा काय दिसतं," सिस्टर म्हणाल्या. "आतून एक म्हातारा माणूस दिसतो, त्याला दोन महिने कूसही बदलता येत नाही. तुम्ही दुपारी तीन वाजता या आणि चादर काढून तासभर त्यांच्या शेजारी पडा. उठताना म्हणालात, की काही त्रास नाही, तर मी दोरी काढते."

सेक्रेटरी तीन वाजता आले नाहीत. दुसरी नोटीस आली. गुरुवारपर्यंत दोरी न काढल्यास महिनाअखेर घर रिकामं करावं लागेल, तसं मालकांशी बोलणं झालं आहे. ही नोटीस वाचून मास्तरांनी फूटपट्टी खाली ठेवली. या पायानिशी घर बदलायचं म्हणजे स्ट्रेचर लागणार होतं.

"काढून टाक," ते म्हणाले. "मी सोसेन."

"तुम्ही सोसाल हो. मला नाही सोसवणार," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी दोरी बांधून शेजारी आणखी एक चादर टांगली.

मास्तरांना मात्र एक प्रश्न पडला होता आणि पडून राहिलेल्या माणसाला पडलेला प्रश्न लवकर उठत नाही. ज्याने गच्चीवर इतक्या विचाराने पाट्या बसवल्या, त्याने काचेची भिंत पश्चिमेला कशी घातली? त्यांनी सिस्टरांना खाली पाठवलं. प्रवेशद्वारापाशी इमारतीचा मूळ नकाशा चौकटीत लावला होता.

"त्यात एका कोपऱ्यात बाण असेल. उत्तर दिशेचा. तो कुठे रोखलाय ते बघून ये."

सिस्टर जाऊन आल्या. "आपल्या या खोलीतून बाहेर. काचेच्या भिंतीकडे."

मास्तर इतके हसले की प्लास्टर पलंगाच्या कठड्यावर आपटू लागलं. "अगं, उत्तरेला काच म्हणजे उत्तम. ऊन येत नाही आणि उजेड भरपूर. याचा नकाशा बरोबर आहे. इमारत चुकलीय."

गुरुवारी सेक्रेटरींनी पश्चिमेच्या बागेचा रस्ता कुंड्या लावून बंद केला. तपासनीस बाईंना त्यांनी गच्ची दाखवली, नळ दाखवले, जिन्यात दोनदा वरखाली करून दिवे दाखवले. सोबत इमारतीचा आर्किटेक्ट होता, तरुण आणि घाबरलेला. बाई सगळं बघून म्हणाल्या, "छान. आता घरांच्या आतलं तापमान. पश्चिमेकडची घरं, दुपारी तीनला, एसी बंद ठेवून. एकतीसच्या आत हवं."

सेक्रेटरींनी मोठ्या विश्वासाने स्वतःचं घर उघडलं. दोन्ही एसी पहाटेपासून चालवून नुकतेच बंद केले होते. बाईंनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि वीस मिनिटं थांबल्या. तेवढ्या वेळात काचेतून आलेल्या उन्हाने पहाटेची सगळी मेहनत गिळली. सदतीस. खालच्या घरी छत्तीस. त्याखाली साडेछत्तीस.

"आणखी एखादं घर?"

"तेवढीच," सेक्रेटरी म्हणाले. "एक आहे चौथ्यावर, पण तिथे आजारी माणूस आहे. त्रास नको द्यायला."

"त्रास कसला?" जिन्यातून आवाज आला. सिस्टर हातात कोरडा टॉवेल घेऊन उभ्या होत्या. "या की. चपला बाहेर काढा तेवढ्या."

खोलीत शिरताच बाईंनी घामेजलेला रुमाल खिशात ठेवून दिला. यंत्र पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं. वीस मिनिटांनी आकडा एकोणतीस.

"हे कसं?" बाईंनी गॅलरीकडे बघितलं. दोन ओल्या चादरी वाऱ्यावर मंद हलत होत्या.

"हा नियमभंग आहे," सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले. "आम्ही नोटिसा दिल्यात. घरही रिकामं करून घेतोय."

"एकतीसच्या आत असलेलं एकमेव घर तुम्ही रिकामं करून घेताय?"

सेक्रेटरींनी आर्किटेक्टकडे बघितलं. आर्किटेक्टने आपल्या मोज्यांकडे बघितलं.

"बाळा, इकडे ये," मास्तर पलंगावरून म्हणाले. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला बोलवावं तसं. "सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं, की उत्तर कोणत्या हाताला?"

"डाव्या," आर्किटेक्ट हळूच म्हणाला.

"शाबास. आणि ही काच?"

आर्किटेक्ट पलंगाजवळ वाकला. "काम सुरू होताना गेट दुसऱ्या रस्त्याला घ्यायचं ठरलं, सर," तो कुजबुजला. "म्हणून मी नकाशा फिरवला. तोंड गेटकडे आलं. सूर्य फिरवायचा राहिला."

"होतं असं," मास्तरही कुजबुजले. "चुकलेलं गणित खोडायचं नसतं. पुढची पायरी बरोबर करायची."

"काय म्हणतायत ते?" बाईंनी विचारलं.

आर्किटेक्ट सरळ उभा राहिला. त्याने एकदा सेक्रेटरींकडे पाहिलं, एकदा चादरींकडे. "हा आराखड्याचाच भाग आहे," तो म्हणाला. "आजपासून. पश्चिमेच्या काचेबाहेर ओला पडदा. पाणी खळबळल्यानंतरचं, वीज शून्य. हे आधीच करायला हवं होतं आणि चूक माझी आहे."

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी कागद सेक्रेटरींपुढे धरला. "जबाबदार व्यक्ती म्हणून इथे सही करा."

मानांकन मिळालं, सोन्याच्या दर्जाचं, पण एका अटीवर. पश्चिमेच्या प्रत्येक गॅलरीत रोज दुपारी बारा ते सूर्यास्त ओली चादर. त्याची नोंदवही. आणि एक जबाबदार व्यक्ती, म्हणजे अर्थातच सेक्रेटरी. घर रिकामं करण्याची नोटीस त्यांनी त्याच संध्याकाळी मागे घेतली आणि रात्री चौदावा नियम नव्याने छापला. बाकी कापड वाळत घालायला बंदी तशीच होती, पण आता त्यात असंही होतं, की चादर कोरडी आढळल्यास कारवाई होईल.

सोमवारी बाराला दहा मिनिटं कमी असताना सेक्रेटरी नोंदवही घेऊन पश्चिमेच्या बागेत उभे राहिले. मजल्यामागून मजले चादरींनी भरले होते. ठिपक्यांच्या, चौकड्यांच्या, एक तर हत्तींची. फक्त चौथ्या मजल्यावर दोरी मोकळी होती. ते धापा टाकत वर आले.

"सिस्टर, चादर?"

"आज धुणं नाही काढलं," सिस्टर खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या.

"पण नियम आहे आता."

"हो ना. माझी चादर मी माझ्या मनाने टांगत होते. तेव्हा तुम्ही काढायला सांगत होता. आता तुम्ही टांगायला सांगताय." त्यांनी शेंग मोडली. "नियमाने टांगायची असेल, तर नियमवाल्यांनी टांगावी."

"मास्तरांना उकडेल हो."

"उकडेल," पलंगावरून मास्तर म्हणाले. त्यांनी फूटपट्टी हाताशी घेऊन ठेवली होती आणि चेहरा हुतात्म्यासारखा केला होता. "पण मानांकन काही माझं जाणार नाही."

सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. बाराला चार कमी. त्यांनी नोंदवही स्टुलावर ठेवली, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि विचारलं, "बादली कुठंय?"

चादर पाण्याने जड झाली होती. पहिल्यांदा ती दोरीवरून घसरून त्यांच्या डोक्यावर आली. दुसऱ्यांदा एक टोक वर आणि एक गुडघ्यापाशी राहिलं. सिस्टर शेंगा सोलता सोलता बघत होत्या.

"टोकं जुळवा आधी. आमच्याकडे नवीन मुली यायच्या, पहिल्या दिवशी त्यांचंही असंच व्हायचं."

सेक्रेटरींनी टोकं जुळवली.

"डावीकडून थोडं ऊन येतंय," मास्तर म्हणाले.

सेक्रेटरींनी चादर डावीकडे ओढली. बाराचे ठोके पडले तेव्हा चौथा चिमटा लागला होता. त्यांनी ओल्या हातांनी नोंदवहीत सही केली, नखशिखांत निथळत, पण आपलं काम चोख झाल्याच्या तोऱ्यात दाराकडे वळले.

"फरशीवर पाणी सांडलंय," सिस्टर म्हणाल्या. "ते पुसून मग जा. फडकं तिथे कोपऱ्यात आहे."

सेक्रेटरींनी फडकं घेतलं आणि फरशी पुसली. पिळलेलं फडकं हातात धरून ते घटकाभर गॅलरीत उभे राहिले. तळघरातला ड्रायर चार मजले खाली होता. त्यांनी वाकून बागेत कुणी आहे का ते बघितलं. कुणी नव्हतं. मग त्यांनी फडकं झटकलं, दोरीच्या मोकळ्या टोकावर वाळत घातलं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोन चिमटे लावले.