चौथ्या मजल्याचा भोंगा

नरेंद्रची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, आग विझवणाऱ्या तुकडीत गेली. तेवढ्या वर्षांत कारखान्याला एकदाही आग लागली नाही, आणि याचं सगळं श्रेय तो स्वतःकडे घेई! त्यामुळे बदलापूरच्या त्यांच्या नव्या सात मजली इमारतीत धूर दिसताच वाजणारा भोंगा बसला, तेव्हा त्याने छाती ठोकून सांगितलं, "आता बिनधास्त झोपा!"

दुसऱ्याच दुपारी भोंगा कोकलला. सगळे अनवाणी चौथ्या मजल्यावर धावले. बघतात तर गोदूबाई दार सताड उघडं टाकून सुके बोंबील भाजतायत! धूर सरळ दाराबाहेर, आणि यंत्र नेमकं दाराच्या डोक्यावर.

"आलाव तं बसा," गोदूबाई म्हणाल्या. "चा ठेवतंय."

मग हे वरचेवर होऊ लागलं. लोक आधी घाबरले, मग वैतागले, आणि मग बशीत चहा ओतून निवांत बसू लागले. नरेंद्र मात्र जिन्यात येरझारा घालू लागला. उद्या खरीच आग लागली, तर ही मंडळी बिस्किटं मागतील!

"मावशी, भाजताना दार लावत जा. खिडकी उघडा."

"दार? आमचे गावान दिवसा दार लावलं तं लोकं इचारतान, घरान कोन मेलं?"

इमारत उभी होती ती गोदूबाईंच्याच शेतावर. त्या बदल्यात त्यांना हा फ्लॅट मिळाला होता. मुलगा टेम्पो घेऊन सकाळी जायचा तो रात्री यायचा.

शेवटी नरेंद्रने उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून कारागीर आणला. त्याने वर पाहून कपाळाला हात लावला. "साब, रसोई के सामने धुएँवाला कायको लगाया? ये लिफ्ट के पास डालो. इधर गरमीवाला चलेगा."

धुराचं यंत्र लिफ्टपाशी गेलं, गोदूबाईंच्या दारावर उष्णता ओळखणारं बसलं, आणि भोंगा गप्प! नरेंद्र मिशीला पीळ देत फिरू लागला.

आठवड्याभरात गोदूबाई गुडघे धरत त्याच्या दारात. "नरेंदर, भोंगा मोडला काय रं? मुद्दाम बोंबील करपवले, तरी वाजत नाय!"

"वाजू नये म्हणूनच तर दुरुस्त केला, मावशी!"

"मंग आता माझेकडं कोन येल?"

नरेंद्रला फार वाईट वाटलं. आतून बायको मैत्रेयी म्हणाली, "झालं समाधान?"

त्या संध्याकाळी त्याने घरोघर जाऊन सांगितलं, "रविवारी आगीचा सराव! भोंगा वाजला की जिन्याने खाली अंगणात यायचं. हजेरी झाली की मावशींकडे चहा."

रविवारी नरेंद्रने भोंग्याचं तळमजल्यावरचं बटण दाबलं आणि शिट्टी तोंडात धरून अंगणात उभा राहिला. कुणीच येईना! त्याने जोरात शिट्टी फुंकली. जिना रिकामाच. आता त्याला खरंच धडकी भरली. त्याने वर पाहिलं.

चौथ्या मजल्याच्या गॅलरीत अख्खी इमारत दाटीवाटीने उभी होती. प्रत्येकाच्या हातात कप, मैत्रेयीच्यासुद्धा! मधोमध गोदूबाई कठड्यावरून वाकून हसत होत्या.

"नरेंदर! खाली एकटाच काय करतंस? वर ये, चा निवला!"

नरेंद्रने शिट्टी खिशात घातली. शेजारच्या इमारतीतून कुणी बघत नाही याची खात्री केली, आणि इतक्या वर्षांचा अनुभवी माणूस मुकाट्याने आगीच्या दिशेने जिना चढू लागला.