भिवराक्काचे पावटे आणि जलद मोड

एका जंगलात (आपल्या नव्हे हं मुलांनो, उगाच माना वळवू नका) भिवराक्का नावाची सायाळ राहत होती. रानडुकरांनी तिचा पावटा पार तुडवला होता. बियाणं उरलं होतं पसाभर. ते रुजलं तर वर्षभर पोरांची पोटं भरणार, नाहीतर बोंबला!

आक्कानं दाणे भिजवले, फडक्यात बांधले आणि चुलीपासून जरा लांब टांगले. तेवढ्यात जंगलाचे बीजतज्ज्ञ हुप्पेसर वानर आले.

"आक्का, हे काय?"

"मोड आणतेय. उद्या येतील, परवा पेरीन."

"उद्या? अहो, दाण्यात विकर असतात. भिजले की जागे होतात, दाण्यातल्या पिठाची साखर करून कोंबाला भरवतात. उबेत तर भराभर!"

"म्हणून तर चुलीजवळ टांगलेत."

"थोड्या उबेत एवढं काम, मग जास्त उष्णतेत किती?"

आक्कानं फडकं घट्ट धरलं. पण सर थांबणार थोडेच, ते तज्ज्ञ होते ना! त्यांनी दाणे पातेल्यात ओतले आणि जाळ वाढवला.

"अहो सर, शिजतील ते!"

"आक्का, शास्त्रात भावना आणू नका."

विकर बिचारे नुकतेच कामाला लागले होते. उकळतं पाणी लागलं आणि सगळे कायमचे आडवे झाले.

तासाभरानं सालं फाटली. "मोड!" सर ओरडले. पण घमघमाट सुटला आणि वाघमहाराज लवाजम्यासह हजर!

"काय चाललंय?"

सर क्षणभर पांढरे पडले. मग हळूच मीठ-मिरची टाकून म्हणाले, "जलद अंकुरण प्रयोग, महाराज. चाखून पाहावा."

महाराजांनी तीन वाट्या चापल्या.

आक्का रडू लागली. "माझं बियाणं गेलं हो! आता पेरू काय?"

"आनंदाश्रू आहेत," सरांनी खुलासा केला.

महाराजांनी खूश होऊन आक्काला शाल पांघरली. काट्यांवर शालीची चाळण झाली. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

त्या वर्षी आक्काचं शेत रिकामं राहिलं. पोरं मुळं कुरतडत बसली. हुप्पेसर 'प्रयोग यशस्वी' असा अहवाल देऊन बढतीवर शेजारच्या जंगलात गेले. तिथल्या पक्ष्यांना अंडी जरा लवकर उबवून हवी होती.

तात्पर्य : बी रुजलं नाही तरी चालतं, मुलांनो; अहवाल नीट शिजला पाहिजे.