मिठीच्या मापाची बखर

श्री. दोन सुयांच्या टोकांशी जिचा वास, एका धाग्याने जी अवघे धरून ठेविते आणि एक टाका निसटता अवघे सोडून देते, त्या शक्तीस नमन करून, शके १९४५, शोभननाम संवत्सरी, भाद्रपद मासापासून पौष मासापावेतो जे वर्तमान जाहले ते लिहिले असे. लिहिणाराचे नाव पुसू नये. राज्य म्हणावे तर तीन खोल्यांचे, तिसऱ्या मजल्यावरील, पूर्वेस पाण्याची टाकी आणि पश्चिमेस पिठाची गिरणी ऐसी हद्द, आणि त्या राज्यावर अक्कासाहेबांचा अंमल. अक्कासाहेब म्हणजे मालिनीबाई, टेलिफोन खात्यातून निवृत्त, वय वर्षे अडुसष्ट, आणि खाते सोडल्यापासून हाती सुया धरल्या त्या जेवणापुरत्याच खाली ठेवीत. आणि त्या राज्याची चाल ऐसी की अक्कासाहेब मापास टेप लावीत नसत. गौरीच्या जेवणास जो कोणी आप्तइष्ट येई त्यास उंबऱ्यातच मिठी मारीत, आणि दोन श्वास होत तो धरून ठेवीत, आणि सोडताच स्वयंपाकघरात जाऊन पंचांगाच्या पाठीवर आकडा मांडीत. मग मार्गशीर्षात त्या इसमास लोकरीची खिलत, म्हणजे स्वेटर, रवाना होई. ही मसलत गुप्त आहे ऐसे अक्कासाहेबांस वाटे, आणि अवघ्यांस ठाऊक असून कोणी दाखवीत नसत. एके साली भाचे पोट आत ओढून मिठीस उभे राहिले, आणि त्या अपराधाची शिक्षा म्हणून हिवाळाभर श्वास आवरून हिंडले. सूनबाई अनघा तर तोंडावर म्हणत, "आई, यंदा जरा सैल धरा. श्रीखंड नुकतंच झालंय." त्यावर अक्कासाहेब म्हणत, "मी कशाला धरतेय? माणूस आलं की जवळ घ्यायचं नाही का?" आणि लगेच आकडा मांडावयास आत जात. दुसरी चाल ऐसी की विणकामात खोट राहू देत नसत. साठ ओळी विणून जाहल्या आणि खाली विसाव्या ओळीत उलटाच्या जागी सुलट टाका दिसला, तर वरच्या चाळीस ओळी उसवून खाली उतरत, आणि पुन्हा चढत. सुनेने म्हणावे, "कोण बघतंय?" आणि अक्कासाहेबांनी म्हणावे, "मी."

आता वैराचे मूळ लिहितो. अक्कासाहेबांस धाकटी बहीण एकच, सरोजिनीबाई, घरी सरू म्हणत. गावाच्या दुसऱ्या टोकास त्यांचे बिऱ्हाड, यजमान दिगंबरराव. नऊ वर्षांपूर्वी अक्कासाहेबांनी सरूबाईंस मोरपंखी स्वेटर विणून दिला, आणि त्यावर वेण्यांची नक्षी घातली, आणि देऊन जाहल्यावर ध्यानी आले की डावीकडील तिसऱ्या वेणीचा एक पीळ उलटा पडला आहे. ती खोट त्यांस फार लागली, आणि दुरुस्तीस परत मागावा ऐसे योजून माघात बहिणीच्या इमारतीशी गेल्या, तो फाटकावर वॉचमन किसन वाघचौरे बसला होता, आणि मोरपंखी स्वेटर त्याच्या अंगावर होता. वेण्या मोजल्या. तिसरी उलटी. अक्कासाहेब वर न जाता माघारी आल्या. आणि पुढे एका बारशास, चारचौघींत, सरूबाईंनी विचारले, "अक्का, यंदा मला काय विणणार?" तेव्हा अक्कासाहेब म्हणाल्या, "माझं काम फाटकावर शोभतं गं. घरात कशाला?" सरूबाईंनी पाळण्याची दोरी दुसरीच्या हाती दिली आणि निघून गेल्या. एकीने विचारले नाही, दुसरीने सांगितले नाही, आणि ऐसे नऊ हिवाळे गेले. त्या नऊ सालांत सरूबाई गौरीस आल्या नाहीत, आणि पंचांगाच्या पाठीवर त्यांचा आकडा पडला नाही.

इतकियावर या साली भाद्रपदात दिगंबररावांचा फोन आला. "अक्का, सरूला बरं नाही. म्हणजे बरं होण्यातलं नाही. ती म्हणाली अक्काला कळवू नका. म्हणून कळवतोय." अक्कासाहेबांनी फोन ठेविला आणि गौरीच्या पुढ्यात बसून राहिल्या, आणि सूनबाईंनी चहा पुढे केला तो निवला. मग दुसरे दिवशी बाजारात स्वारी करून अबोली रंगाची लोकर आणिली, बारा लड्या, मऊ, लहान मुलांची घेतात ती. सूनबाई म्हणाल्या, "आधी भेटून तर या." अक्कासाहेब म्हणाल्या, "रिकाम्या हातांनी कुठे जाऊ? नऊ वर्षांनी जायचं आणि उंबऱ्यात काय बोलायचं?" मग माळ्यावरून जुने पंचांग काढिले, त्यावर सरूपुढे अडतीस आकडा होता, तोच प्रमाण मानिला आणि टाके घातले. पाठ दहा दिवसांत सर जाहली, पुढचा भाग बारा, बाह्या जोडीने दहा, गळपट्टी एके दिवसाची. ऐसी तेहतिसावे दिवशी मोहीम फत्ते करून, इस्त्रीखाली ओले फडके धरून, कागदात बांधून, दसरा होऊन चार दिवस जाहले तेव्हा अक्कासाहेब निघाल्या. फाटकावर किसन होता, अंगात खाकी सदरा मात्र, आणि सकाळची थंडी पडू लागली होती. अक्कासाहेबांच्या मनात आले की यानेही टाकला. आणि ते शल्य घेऊन जिना चढल्या.

वर सरूबाई खाटेवर उशांस टेकून होत्या. "आलीस?" म्हणाल्या. "जिन्यात दम लागला का?" अक्कासाहेब म्हणाल्या, "नाही." आणि कागद सोडून स्वेटर पुढे केला. दिगंबररावांनी हात दिला आणि सरूबाईंनी तो अंगात घातला, तो खांदे कोपरांपाशी उतरले आणि बाह्या बोटांच्या पुढे गेल्या, आणि आतील मनुष्य कोठे आहे ते शोधावे लागे. सरूबाईंनी बाह्या हालवून पाहिल्या आणि हसल्या. "अक्का, यात मी आणि हे दोघं मावू. वर पाव्हणा आला तर तोही." अक्कासाहेब म्हणाल्या, "माप चुकलं." सरूबाई म्हणाल्या, "चुकायला घेतलंस कुठे?" तेव्हा अक्कासाहेब खाटेच्या कडेस बसल्या आणि बहिणीस मिठी मारिली, आणि दोन श्वास धरावयाचे ते मोजणे राहिले, आणि पाठीच्या बरगड्या बोटांस एकेक लागत गेल्या. सोडताना सरूबाई पुसत्या जाहल्या, "आकडा लिहायला आत जायचं असेल ना? पंचांग खुंटीला आहे." म्हणजे त्यांसही ते गुपित प्रथमपासून ठाऊक होते. बत्तीस भरले. अक्कासाहेब म्हणाल्या, "उसवून आणते." आणि फाटकाची गोष्ट ओठांपर्यंत आली, आणि तेथेच राहिली.

उसवली लोकर कुरळी होते, टाक्यांची आठवण धरून बसते. सबब तिच्या लड्या करून, कोमट पाण्यात बुडवून, खाली तांब्या टांगून वाळविली, आणि बत्तिसाच्या हिशेबे पुन्हा टाके घातले. कार्तिकाच्या अखेरीस घेऊन गेल्या. तोही सैल. यावेळी सरूबाई हसल्या नाहीत, म्हणाल्या, "तू विणतेस त्याहून मी लवकर उसवतेय." मिठी जाहली. तोंड बहिणीच्या खांद्यामागे होते तेव्हा अक्कासाहेबांनी धीर करून विचारले, "सरू, तो मोरपंखी. तुला आवडला नव्हता का?" सरूबाई म्हणाल्या, "थंडी होती गं तेव्हा." इतकेच बोलून दमल्या आणि डोळे मिटले. अठ्ठावीस.

पुन्हा उसविला, पुन्हा तांब्या टांगिला. उरली लोकर गुंडाळून ठेवीत, तो गुंडा दर खेपेस थोर होई आणि स्वेटर लहान. मार्गशीर्षात तिसरे वेळी गेल्या तेव्हा मिठीस बसविता येईना. निजल्या अंगाखाली हात घालून माप घेतले. सरूबाई म्हणाल्या, "बाह्या लांब ठेव. हात गार पडतात." आकडा मांडिला नाही.

तोही उसवून पौषात चौथ्या स्वेटराची पाठ सुईवर होती, एकतिसावी ओळ, तेव्हा फोन आला.

[येथे तेरा दिवसांचे कागदाचे बंद कोरे आहेत.]

चौदावे दिवशी गोडाचे जेवण उरकून पाहुणे गेले, आणि दिगंबररावांनी कपाटातून एक कापडी पिशवी काढिली, आणि किसनास खालून बोलाविले. किसन दाराशी उभा राहिला, तोच खाकी सदरा, हात काखेत. दिगंबरराव म्हणाले, "हे तुझं द्यायचं राहिलं रे. पिशवी आत्ता सापडली." किसनाने उघडिली, तो मोरपंखी स्वेटर निघाला. अक्कासाहेब जागच्या उठल्या. म्हणाल्या, "हा इथे कसा?" किसन म्हणाला, "दर दसऱ्याला बाई मागून घ्यायच्या. चार-सहा दिवस ठेवायच्या, धुवायच्या, कुठं विरला असंल तिथं रफू करायच्या, मग द्यायच्या. पहिल्या साली मला हिवतापात फाटकावर बघितलं, तेव्हा अंगातला काढून दिलेला. मी बरा झाल्यावर परत न्यायला आलो तर म्हणल्या, राहू दे, पण नीट वापर, माझ्या बहिणीच्या हातचा आहे." अक्कासाहेब म्हणाल्या, "यंदा इतकी थंडी पडली. मागितला का नाहीस?" किसन म्हणाला, "बाई आजारी. कसा मागायचा?"

मग अक्कासाहेबांनी तो हाती घेतला आणि खिडकीपाशी नेला. नऊ वर्षांचे रफू त्यावर होते. सरूबाईंस विणकाम येत नसे, सबब शिवणाच्या सुईने आडवे-उभे धागे भरिले होते, कोठे निळे, कोठे हिरवे, रंग जुळेल तो जुळेल, आणि गाठी वरून दिसत. उजवा कोपर भरून जाहला होता. डावा अर्धा, आणि सुई त्यातच टोचलेली, शेपटास एक वीत धागा. डावीकडील तिसरी वेणी मात्र उलटी ती उलटीच. तिला कोणी हात लाविला नव्हता. मग अक्कासाहेबांनी तो रिकामा स्वेटर दोन्ही बाहूंत धरिला, आणि दोन श्वास धरिला, आणि दिगंबरराव दुसरीकडे पाहू लागले, आणि किसनाने मान खाली घातली. तेव्हा अक्कासाहेब म्हणाल्या, "किसन, उद्या सकाळी घेऊन जा. आज कोपर पुरा करते."

आणि घरी येऊन त्यांनी एकतीस ओळींची पाठ सुईवरून सोडिली, आणि अबोली धागा काढिला, आणि बहिणीची सुई जेथे थांबली होती तेथून भरावयास बसल्या. सूनबाई म्हणाल्या, "आई, रंग अगदीच वेगळा दिसतोय. आणि हे टाके पण वेडेवाकडे आलेत. उसवून नीट विणून घ्या ना, तुम्हाला काय अवघड?" अक्कासाहेब म्हणाल्या, "अवघड आहे गं. तिच्यासारखं वाकडं येत नाहीये." आणि जो टाका सरळ पडला तो उसवून पुन्हा वाकडा घातला, आणि ऐसा दिवे लागेतो कोपर भरला, आणि गाठ वर ठेविली.

एकंदर इतके जाहले. नऊ साले न विचारल्याची गेली, तीन वेळा स्वेटर उसविला, आणि अबोली गुंडा पंचांगाशेजारी आहे. तेव्हापासून दर दसऱ्यास किसन वाघचौरे तिसऱ्या मजल्यावर येतो आणि मोरपंखी स्वेटर चार दिवस ठेवून जातो. धागा येथे संपला, गाठ मारून हात काढून घेतला असे.