मास्तरांचा चोथा आणि नदीकाठचं खुराडं

फुलबेर मास्तर शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा नॉर्मंडीतल्या आमच्या गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. जरा घाईच झाली! मास्तरांनी भर गावसभेत छाती ठोकून सांगितलं, "सायडर गाळून उरलेला सफरचंदाचा चोथा कोंबड्यांना घाला, अंडी जड होतात. महिन्याभरात सिद्ध नाही केलं, तर मला मास्तर म्हणू नका!"

प्रयोग एकदम चोख. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या कोंबड्या दोन खुराड्यांत. दाणा तोच, पाणी तेच. फक्त डावीकडच्यांना जास्तीचा चोथा.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मातिल्द!" त्यांनी बायकोला बजावलं.

"आणि उजवीकडच्या बिचाऱ्यांनी नुसतं बघत बसायचं?"

"त्यांच्याशीच तर तुलना करायची!"

मातिल्दबाईंना ती तुलना काही पटली नाही. कोंबड्यांना खायला घालायचं काम मात्र त्यांच्याकडेच होतं.

मास्तर रोज एकेक अंडं ग्रॅममध्ये तोलत. डावीकडची अंडी फुगली, मास्तरही फुगले! पण मग उजवीकडचीही फुगली.

"चोथ्याचा वास लागतोय त्यांना!"

उजवं खुराडं बागेच्या टोकाला गेलं. अंडी आणखी जड! मग थेट नदीकाठी. तिथं तर बदकिणीनं लाजावं अशी अंडी!

मास्तरांनी टेपनं खुराड्याचं अंतर मोजलं, आलेख काढला, रेषा सरळ आली. "चोथा विसरा! खुराडं जितकं लांब, तितकं अंडं जड!"

गावानं खुराडी उचलून शेताच्या टोकाला नेली. कोल्ह्यांची चंगळ झाली!

सकाळी सरपंच सोलांजबाई पिसांनी भरलेली टोपली घेऊन मास्तरांच्या दारात. मागे अख्खं गाव. "मास्तर, ही माझी कोंबडी!"

मातिल्दबाईंना राहवेना. "अहो, अंतरबिंतर काही नाही. मीच जास्तीचं घालत होते त्यांना. लांब टाकलेली लेकरं ती, म्हणून हात जरा सैल सुटला."

मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे चोथाच! मी सांगत नव्हतो?"

"चोथा कसला? दोन्हीकडे तुमच्या वाटणीचं चीज घातलं. डॉक्टरांनी बंद केलंय ना तुमचं!"

"मग टोपलीभर चोथा गेला कुठं?"

मातिल्दबाई चांगल्या सगळ्यांसमोर हसल्या.

"रोज जेवणानंतर दोनदा मागून घेता, तो केक कशाचा वाटला तुम्हाला?"