आप्पांची तापणारी गाडी

भर मे महिन्यात गाडीतला हिटर चालू ठेवून फिरणारा माणूस आमच्या उचगावात एकच आहे. ते म्हणजे आमचे शेजारी आप्पा. काचा खाली, हिटर पूर्ण. शेजारी बसलेला माणूस उकडलेल्या बटाट्यासारखा खाली उतरतो.

"इंजिनची आग आत वढून घ्याय लागतीया की," आप्पा घाम पुसत सांगतात. "तेवढाच त्येला इसावा."

गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी. तिचं मूळचं पेट्रोल इंजिन संपलं, तेव्हा आप्पांनी मोडीत निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन तिच्यात बसवून घेतलं. तेव्हापासून ती तापते. पण इंजिनला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत. "परक्या घरातनं आलंय ते. दमानं घ्याय पायजे."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं, अशी आप्पांची समजूत आहे.

"कॉलेजला जातोस न्हवं? सांग, का तापतंय?"

"आप्पा, मी कॉमर्सला आहे."

"मग कॉमर्सनं सांग की!"

मी चाचरत म्हणालो, "रेडिएटर जुन्या इंजिनचाच आहे ना? या इंजिनला तो लहान पडत असेल."

"मिस्त्रीबी त्येच म्हणतोय. पर मोठा बसवायचा तर म्होरचा पत्रा कापाय लागतोय. तोंड कापलेली गाडी लेकीच्या सासरी न्हेऊ व्हय रं?"

खरी घाई तीच होती. आप्पांची एकुलती एक मुलगी सुनीता कुरुंदवाडला दिलेली. तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. काकू आता हयात नाहीत, तेव्हा आणणारेही आप्पाच. सुनीताताईनं फोनवर बजावलं होतं, "आप्पा, भाड्याची गाडी आणा. त्या भट्टीत मी बसणार न्हाय."

आप्पांनी फोन ठेवला आणि बॉनेट उघडलं. थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला, नळ्या बदलल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की नवं इंजिन मागं सरकून बसलंय, त्यामुळे पंखा रेडिएटरपासून लांब पडलाय आणि वारा भलतीकडूनच ओढतोय. त्यांनी तेलाचा डबा कापून पंख्याभोवती पत्र्याचं कडं केलं आणि मला मागच्या सीटवर बसवलं.

"सुनी बसंल तितं बस. गरम लागलं की सांग."

निघाल्यावर बराच वेळ तापमानाचा काटा शहाण्यासारखा राहिला. आप्पा शीळ घालायला लागले. इचलकरंजीच्या अलीकडे काटा चढला. आप्पांनी गुपचूप हिटर लावला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मागं गरम लागतंय?"

नाही म्हणावंसं फार वाटलं. पण तिथं ताई बसणार होती.

"लागतंय, आप्पा."

त्यांनी गाडी झाडाखाली घेतली. बॉनेट उघडून नुसते उभे राहिले. मग गाडी परत फिरवली.

ठरल्या दिवशी गल्लीत भाड्याची एसी गाडी आली. सुनीताताई सावकाश उतरली. आप्पा मात्र तिच्यात नव्हते.

"मागनं येतायत," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "आपली गाडी घेऊनच आलते. ही भाड्याचीबी त्यांनीच ठरवलीती. मला हिच्यात बसवलं आणि म्हणाले, तू हो म्होरं."

बऱ्याच वेळानं आप्पांची गाडी वाफ सोडत आली. आत आप्पा एकटेच, घामानं निथळत.

"आप्पा, ताईला एसी गाडी केली होती, मग ही रिकामी कशाला नेली?"

त्यांनी खिडकीतून आधी ताई घरात नीट बसलीय ना, ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "भाड्याच्या गाडीचा काय भरवसा? वाटंत बंद पडली असती म्हंजे? पोरीच्या मागं आपलं कुणीतरी नको व्हय?"