मुअल्ला हानम यांची आशुरेची मोहीम

अल्लाचे मेहेरबानीने इस्तंबूल शहरी, उस्कुदार पेठेत, समुद्राकडे उतरणारे गल्लीत जे घोर वर्तमान गुदरले, ते डोळां देखिले तैसे लिहितो. पदरची साखर घातली नाही.

तळमजल्यास मुअल्ला हानम, चुलीच्या सरलष्कर. माडीवर नझिहत हानम, जिव्हेच्या तोफखान्याच्या दारोगा. उभयतांचा दोस्ताना नव्या नवऱ्या होऊन आल्या तेव्हापासूनचा. दरसाल मोहरमात दोघी एकाच हंड्यात गहू, चणे, घेवडा शिजवून, त्यात अंजीर-जर्दाळू घालून आशुरेची खीर करीत आणि समस्त गल्लीस वाटीत. ऐशास गुदस्ता नझिहत हानम यांनी न पुसता गुलाबपाणी ओतिले, आणि मुअल्ला हानम भर गल्लीत बोलिल्या, "अगं, ही खीर आहे की न्हाव्याचं दुकान?" तेणेकरून सलूख मोडला आणि सालभर सलामही बंद जाहला.

मग यंदा मोहरम आला आणि किराणावाले सेझाई एफेंदी वकिलीस निघाले. वरून जबाब आला की, तिने आधी माफी मागावी. खालून जबाब आला की, माफी गुलाबपाण्याने मागावी. एफेंदी जिना चढउतार करून थकले, पायरीवर बसले, आणि तहाची मसलत बुडाली.

मग मुअल्ला हानम यांनी एकटीनेच मोहीम फर्माविली आणि अंगणात हंडा चढविला. परंतु हंडा थोर, हात दोनच आणि कंबर नादुरुस्त. दुपारी गव्हाने बंड केले, बुडबुडा उसळोन मनगट भाजले, आणि तळी करपण्याची चाहूल लागली. हानम यांचे नेत्री पाणी आले. ते धुराचे म्हणोन लोकांस सांगितले.

इतक्यात वास माडीवर पोहोचला आणि खिडकी धाडकन उघडली.

"अगं बये, खाली लागतंय! ढवळ ना! हात मोडलेत का?"

"एक भाजलाय, दुसरा तू येऊन मोड!"

मग नझिहत हानम घरच्या सपाता, केसांत कुरळे करण्याच्या नळ्या, ऐशा वेशात जिना उतरल्या आणि ढवळण्याचा डाव हिसकाविला.

"सरक. तळ खरवडू नकोस, वरचं दुसऱ्या हंड्यात काढू. आणि मनगट थंड पाण्यात धर आधी."

"तू येशील असं वाटलं नव्हतं गं."

"तुझ्यासाठी कोण आलंय? गव्हासाठी आले."

ऐसे बोलोन त्यांनी तोंड फिरविले, परंतु खांदे हासत होते, ते सर्वांनी देखिले.

मग खीर बचावली, वरी डाळिंब आणि अक्रोड पेरिले, आणि घरोघरी वाट्या रवाना जाहल्या. रिवाजाप्रमाणे एकही वाटी रिकामी फिरली नाही. शिंपिणीने लोणचे धाडिले, एफेंदींनी जैतून धाडिले, आणि गल्लीत भाड्याने राहावयास आलेले नवे विद्यार्थी, ज्यांस चूलही पेटविता येत नव्हती, त्यांनी बिस्किटे भरून धाडिली.

येणेप्रमाणे सूर्यास्ती फत्ते जाहली. फक्त माडीवरची वाटी पोहोचती जाहली नाही, कारण ती घेण्यास वर कोणी नव्हते. नझिहत हानम खालीच, मुअल्ला हानम यांचे शेजारी, ओट्यावर पाय पसरोन हंडा पुसून खात बसल्या होत्या.