बाराव्या दिवसाचं उष्टावण

एका जंगलात, मुलांनो, झाडं गुडघाभर चिखलात उभी असायची आणि पाणी खारट होतं. दिवसातून दोनदा समुद्र आत येऊन बघून जायचा. तरी ते जंगलच होतं, कारण तिथे राजा होता, राजाचं खातं होतं आणि खात्याचे नियम होते.

राजा होता मगर. त्याला जिताडा मासा फार आवडायचा. आवडता आवडता खाडीतले जिताडे संपत आले. तेव्हा त्याने पाणमांजरांना हुकूम सोडला, की यापुढे जिताडे पकडायचे नाहीत, पाळायचे. मासे खाणाऱ्यांनाच मासे सांभाळायला दिले म्हणून हसू नका. मोठे झालात की असं पुष्कळ बघाल.

पाणमांजरांत भागाबाईंचं घर मोठं. त्यांचे काठावर दोन मोठे हौद होते आणि मागे एक लहान. त्या घरात नुकतीच सून आली होती. नाव सुरंगी. ती फारसं बोलायची नाही. बघायची मात्र सगळं.

माहेरी सुरंगीने कायम ताजी, उड्या मारणारी कोळंबी खाल्लेली. सासरी सुकटाची भुकटी खायची पद्धत होती. पहिले चार दिवस ती पानावर नुसती बसली आणि उठली. मग तिच्या नवऱ्याने, रावजीने, कुणाला न सांगता तिच्या भुकटीत दोन जिवंत कोळंब्या टाकायला सुरुवात केली. पुढे एक टाकू लागला. पुढे एकही नाही. आपण भुकटी खातोय हे सुरंगीच्या लक्षात आलं, तेव्हा उशीर झाला होता.

नवी सून रिकामी बसलेली बरी दिसत नाही, म्हणून भागाबाईंनी तिला मागचा लहान हौद दिला. त्यात जिताड्याची तेराशे पिल्लं होती. त्या घरातली भांडी सासूबाईंची होती, बीळ सासऱ्यांचं होतं, आणि रावजी सगळ्यांचाच होता. हौद तेवढा सुरंगीचा. ती सकाळी उठून आधी तिकडे जायची.

जिताड्याची पिल्लं जन्मतात तेव्हा पापणीच्या केसाएवढी असतात. ती फक्त हलणारं खातात. डोळ्यांपुढे काही वळवळलं की झडप. पडून राहिलेल्या वस्तूकडे ती ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून पाणमांजरं त्यांच्यासाठी डबक्यांतले बारीक पाणकिडे गाळून आणायची. फार किचकट काम होतं ते.

एक दिवस खात्याचा निरीक्षक आला. तो खंड्या होता. निळा कोट, लांब चोच. बरोबर चुऱ्याची पोती. पोत्यावर हसणाऱ्या माशाचं चित्र आणि खाली ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं.

“बाराव्या दिवशी बारसं असतं ना?” त्याने विचारलं.

“असतं की,” भागाबाई म्हणाल्या.

“त्याच दिवशी उष्टावणही उरकायचं. दोनदा मांडव घालायला नको. बाराव्या दिवसापासून पाणकिडे बंद. फक्त चुरा. विसाव्या दिवशी मी तपासणीला येईन. ज्या हौदातली पिल्लं चुरा खात नसतील, तो हौद बुजवायचा.”

“पण साहेब, इतक्या लवकर त्यांचं पोट तयार नसतं. शिवाय उष्टावणाला घास भरवायला मामा लागतो. माशांना मामा कुठून आणू?”

“मामा खात्याकडून मिळेल,” खंड्या म्हणाला आणि उडून गेला.

मामा काही आला नाही. बारावा दिवस आला. भागाबाईंनी किड्यांची गाळणी धुऊन खुंटीला टांगली आणि आपल्या दोन्ही हौदांत ओंजळ ओंजळ चुरा टाकला. चुरा सरळ तळाला गेला. पिल्लांनी तो जाताना पाहिला. एवढंच.

सकाळी भागाबाईंनी तळाचा लगदा उपसून टाकला. मग तळ रिकामा दिसला, तेव्हा त्या समाधानाने म्हणाल्या, “खाल्ला बघ सगळा.”

सुरंगीने आपल्या हौदासाठीचा चुरा दगडावर वाटला, फडक्यातून चाळला आणि पिल्लांच्या तोंडात मावेल एवढा बारीक केला. सकाळी पिल्लं भुकेली असताना ती तो चिमूट चिमूट टाकायची आणि शेपटीने पाणी हलवत राहायची. चुरा तरंगत, गिरक्या घेत खाली जायचा. पिल्लांना तो जिवंत वाटायचा. कुणी झडप घालायचं, कुणी थुंकायचं, कुणी गिळायचं. तासाभराने ती थोडे पाणकिडे सोडायची. रोज चुरा किंचित वाढवायची, किडे किंचित कमी करायची. मोठी पिल्लं जाळी लावून लहानांपासून वेगळी करायची, कारण जिताड्याच्या पिल्लाचं तोंड असं असतं, की त्याच्याहून जरा लहान भाऊ त्यात नीट मावतो.

“किती लाड ते,” भागाबाई म्हणायच्या. “शिस्त लावायची तर एकदाच लावावी. तुला नाही लागली इथं आल्यावर?”

“लागली ना, आई.”

रावजी घाईघाईने बाहेर गेला.

चार-पाच दिवसांनी सुरंगीने विषय काढला. “आई, पुढच्या हौदांतली पिल्लं कमी वाटतायत.”

“मोठी झाली म्हणून कमी वाटतात.”

“काहींच्या तोंडातून शेपट्या बाहेर आल्यात.”

“तोंड मिटून खायचं वळण लागेल हळूहळू.”

विसाव्या दिवशी खंड्या आला. तो भागाबाईंच्या हौदांवर वाकला. दोन हौदांत तीन हजार पिल्लं सोडली होती. आता चाळीस होती. पण काय ती चाळीस. एकेकाचं पोट टम्म.

“उपाशी पिल्लाचं पोट असं असतं का?” खंड्याने विचारलं.

“नाही,” भागाबाई म्हणाल्या. हे खरंच होतं.

“किडे बंद आहेत ना?”

“बाराव्या दिवसापासून.”

“मग ही चुऱ्यावरच वाढलीत. चाळीसपैकी चाळीस. शंभर टक्के.”

“बाकीची?” सुरंगीने हळूच विचारलं.

खंड्याने कागद उलटसुलट करून पाहिला. “तसा रकाना नाही यात,” तो म्हणाला.

मग तो सुरंगीच्या हौदाकडे गेला. तेराशेतली साडेबाराशे शिल्लक होती. त्याने चुरा टाकून पाहिला. नऊशे धावली. बाकीची विचारात पडली.

“सत्तरच्या आसपास. आणि पाण्यात किडे वळवळतायत. विसाव्या दिवशी.”

“अजून पाच दिवस द्या, साहेब. सगळी खातील.”

“पाच दिवस? नियम पिल्लांसाठी थांबत नसतो, सूनबाई. हौद बुजवा. पिल्लं वाया घालवू नका. ती सासूबाईंच्या आदर्श हौदांत सोडा. चांगल्यांच्या संगतीत लवकर शिकतील. मी उद्या येऊन बघतो.”

आदर्श हौदांतली चाळीस पिल्लं पाण्याच्या वर येऊन सुरंगीकडे बघत होती. ती काय बघत होती ते सुरंगीला कळलं.

दुपारी भरती आली. सुरंगी मडकी घेऊन मागच्या हौदाशी गेली. एकेका मडक्यात शंभर-शंभर पिल्लं. चुरा खायला शिकलेली होती, पण अजून वळवळणारं काही दिसलं तर झडप घालायची. तेवढं त्यांना बाहेर पुरणार होतं. तिने मडकी आदर्श हौदांवरून पुढे नेली, झाडांच्या मुळांपाशी, आणि खाडीत ओतली. बारा खेपा झाल्या. तेराव्या खेपेला भागाबाई वाटेत उभ्या होत्या.

“सगळी सोडलीस?”

“ही शेवटची, आई.”

भागाबाईंनी मडक्यात पाहिलं. मग आपल्या हौदांत पाहिलं. “पाय निसरतो तिथं मुळांवर. जपून जा,” त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

संध्याकाळी सुरंगीनेच आपल्या हौदात चिखल भरला. रावजीने मदत केली.

दुसऱ्या दिवशी खंड्या आला. आदर्श हौदांत चाळीस पिल्लं होती. सगळी गुटगुटीत.

“बघा,” तो सुरंगीला म्हणाला. “एका रात्रीत शंभर टक्के.”

पुढच्या पौर्णिमेला मगर महाराजांच्या हस्ते भागाबाईंचा सत्कार झाला. शाल, नारळ, चुऱ्याचं एक पोतं. सुरंगी तबक धरून मागे उभी होती. सगळ्या खाडीतली पाणमांजरं जमली होती. महाराजांनी विचारलं, “बाई, एवढं यश कसं मिळवलंत? या सर्वांना सांगा.”

भागाबाईंना भाषणाची सवय नव्हती. त्यांनी शाल सावरली.

“काही विशेष नाही, महाराज. बाराव्या दिवशी किडे बंद करायचे. पुढचं पिल्लं आपापसांत ठरवतात.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या एकूणएक घरांत गाळण्या खुंटीला टांगल्या गेल्या.

तात्पर्य : मुलांनो, शिकवणाऱ्याने वेळापत्रक कडक ठेवावं. जे शिकत नाहीत ते उरत नाहीत, आणि जे उरतात ते शिकलेलेच असतात. फक्त वर्गात तुमच्या शेजारचा मुलगा फारच गुटगुटीत दिसू लागला, तर जरा सरकून बसा.